एसी बंद, खिडकी उघडी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमच्या प्रकाशन संस्थेने गेल्या वर्षी कागदाचा वापर निम्म्यावर आणला. निम्म्यावर! विजेचं बिल तर इतकं खाली आलं की मीटर बंद पडलाय की काय हे बघायला वीज कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर प्रमाणपत्र लावलंय, हिरव्या अक्षरांत: 'पर्यावरणस्नेही कार्यालय'. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नीट दिसावं म्हणून मी खुर्ची जरा डावीकडे सरकवून, मान वाकडी करून बसतो. मान दुखते, पण कीर्तीसाठी माणसाने एवढं सोसायला हवं.

हे जमलं कसं, असं लोक विचारतात. मी गूढ हसतो आणि विषय बदलतो. आज मात्र खरं काय ते सांगणार आहे. कारण बायको म्हणते, तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन. आणि ती सांगताना माझी नक्कलही करते!

तर आमची संस्था लहान. अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. माणसं तीन. एक मी, मालक. दुसऱ्या प्रूफं तपासणाऱ्या अनुस्वारबाई. दुकानाच्या पाटीवर अनुस्वार चुकलेला दिसला तर या बाई आत जाऊन मालकाला झापून येतात, म्हणून हे नाव. तिसरा कॉम्प्युटरवर पानं लावणारा कर्सर. माणूस हुशार आहे, पण काही विचारलं की जागच्या जागी उभा राहून नुसती डोळ्यांची उघडझाप करतो.

आणि हा सगळा डोलारा उभा कोणाच्या जिवावर? माझ्या सासूबाईंच्या! सासूबाई खुनाच्या कादंबऱ्या लिहितात. दिसायला अगदी गरीब गाय. पण हातात पेन आलं की वर्षाला एक माणूस आडवा करतात. आमचे कवितासंग्रह लोक भेट म्हणून घेतात आणि न उघडता दुसऱ्याला भेट म्हणून देतात. सासूबाईंचं पुस्तक मात्र रांग लावून विकत घेतात. त्यांच्या एका खुनावर आमचे तिघांचे संसार वर्षभर सुखाने चालतात.

सासूबाईंची अट एकच. दर वर्षी हस्तलिखित माझ्या हातात देताना त्या चष्म्यावरून बघत म्हणतात, "जावईबापू, खुनी कोण हे पुस्तक दुकानात यायच्या आधी फुटलं, तर पुस्तक चौकातल्या प्रकाशकाकडे. हे आणि पुढची सगळी. जावई म्हणून जेवायला या, ताट तयार असेल. पण प्रकाशक म्हणून तुमची-माझी ओळख नाही!"

चौकातला तो प्रकाशक टपूनच बसलेला! सासूबाईंच्या वाढदिवसाला दर वर्षी फुलांची टोपली पाठवतो, मेला.

ही अट मी इतकी कडक पाळतो की मी स्वतः सासूबाईंचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. जे माहीतच नाही ते फुटणार कुठून? अर्थात हे त्यांना कधी सांगितलेलं नाही. "कशी वाटली कादंबरी?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणतो, "आई, शेवटाला अंगावर काटा आला!" खुनाच्या पुस्तकाला हे वाक्य कुठेही चालतं.

गेल्या वर्षी त्या हस्तलिखित घेऊन ऑफिसात आल्या आणि दारातच थबकल्या. एसी असा चालू होता की अनुस्वारबाई स्वेटर घालून बसल्या होत्या. भरदुपारी सगळे दिवे लागलेले. आणि कोपऱ्यात जुन्या प्रूफांचा ढीग छतापर्यंत.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात निदान एकच खून होतो. तुम्ही इथे रोज झाडं मारताय!"

अनुस्वारबाई खुदकन हसल्या. कर्सरही हसला, म्हणजे उघडझाप जरा जोरात केली. स्वतःच्या नोकरांसमोर सासूने असा पाणउतारा करावा? माझं पित्त खवळलं.

"आई," मी छाती पुढे काढून म्हणालो, "पुढच्या वेळी याल ना, तेव्हा हे ऑफिस ओळखू येणार नाही!"

हे वाक्य किती खरं ठरणार आहे हे तेव्हा मला कळलं असतं, तर मी जीभ चावली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी फर्मानं काढली. एसी बंद! दिवे बंद! सगळ्या खिडक्या सताड उघड्या! आणि प्रिंटर? त्याच्यावर मी टेबलक्लॉथ घातला, वर फुलदाणी ठेवली. एकाही प्रूफाचा कागद निघणार नाही म्हणजे नाही.

"मग मी प्रूफ वाचू कशावर?" अनुस्वारबाईंनी विचारलं. "तळहातावर?"

"स्क्रीनवर वाचा."

"स्क्रीनवर वाचलं की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. लोकांना वाटेल, आपला कवितासंग्रह चांगला आहे."

मी हात टेकणार होतो, तेवढ्यात बाईंचे डोळे चमकले. "साहेब, जुन्या छापखान्यात आम्ही काय करायचो माहीत आहे? एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून बघायचं. मी वाचते हस्तलिखित, हा बघेल स्क्रीनवर. कागद शून्य!"

"वा!" मी टाळी वाजवली. "याला म्हणतात जुनं ते सोनं! लागा कामाला!"

आता दिवे बंद, म्हणजे बाईंना उजेड हवा. म्हणून त्यांनी खुर्ची खिडकीशी नेली आणि तोंड बाहेर करून बसल्या. स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून कर्सर गेला पार मागच्या भिंतीला. मध्ये अख्खी खोली. त्यात बाईंचा आवाज पडला छापखान्यातला, यंत्रांच्या खडखडाटावर मात करून कमावलेला! मी आतल्या खोलीत दार लावून बसलो. मला आपली बाहेरून एक गुणगुण ऐकू यायची. काम चाललंय, कागद वाचतोय, म्हणून मी समाधानाने पेंगायचो.

आठवडा झाला असेल. एका दुपारी सहज गल्लीत डोकावलो, तर खाली वीस-पंचवीस माणसं! सगळी आमच्या उघड्या खिडकीकडे मान वर करून, भारावल्यासारखी उभी. समोरचा सलूनवाला, शेजारचा दातांचा डॉक्टर, त्याचे पेशंट, समोरच्या गॅलरीत एक आजी पाट मांडून बसलेल्या. कोणी शब्द बोलत नव्हतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही माणसं आमचं ऑफिस बघायला आली होती! एसी नाही, दिवा नाही, तरी काम चाललंय, हा चमत्कार बघायला! अहो, चांगल्या कामाचा सुगंध लपत नाही म्हणतात ते खोटं नाही. ऊर भरून आला. मी बाईंच्या खिडकीत गेलो, त्यांच्या खांद्यावरून बाहेर वाकलो आणि हात उंचावला.

"बंधू-भगिनींनो! कागद वाचवा! एक पान वाचवणं म्हणजे—"

"ओ, बाजूला व्हा!" खालून सलूनवाला ओरडला.

"हळू बोला हो!" दातांचा डॉक्टर म्हणाला.

"मेल्याला आत घ्या कुणीतरी!" ही गॅलरीतली आजी.

लोकांना भाषण नको, कृती हवी, हे मला एकदम पटलं. मी नम्रपणे आत झालो.

तेव्हापासून गर्दी रोज वाढत गेली. मी रोज खिडकीआडून मोजायचो आणि खूश व्हायचो. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं ऑफिस बघायला? तिकीट नाही ना लावलंत?" बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतंच. म्हणून मी सरळ सासूबाईंना फोन लावला.

"आई, आपल्या ऑफिसपुढे रोज दुपारी जत्रा भरते! लोक नुसते बघत राहतात!"

"खरं सांगताय?" त्यांचा आवाज मऊ झाला. "जावईबापू, मी तुम्हाला फार बोलले हो त्या दिवशी. शुक्रवारी येते बघायला."

सासू मऊ आवाजात बोलली! मी दोन दिवस हवेत होतो.

एवढं मात्र खटकायचं की गल्लीतली माणसं हल्ली जरा चमत्कारिक बोलायची. गॅलरीतल्या आजी भाजीवाल्याला वरून विचारत होत्या, "भेंडी कशी दिली प्रश्नचिन्ह." आणि भाव ऐकल्यावर, "अरे बापरे उद्गारचिन्ह!" मी म्हटलं, म्हातारपण, चालायचंच.

शुक्रवार उजाडला. सासूबाई येणार, तर जरा नीटनेटकं दिसावं म्हणून मी दुपारी सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्याने तोंडाला फेस लावला, एक गाल केला, घड्याळाकडे बघितलं आणि वस्तरा खाली ठेवून दुकानाची फळी ओढायला लागला.

"अरे, दुसरा गाल?"

"उद्या करू, साहेब. आज शेवटचं प्रकरण आहे, एक शब्द चुकवायचा नाही."

"कसलं प्रकरण?"

सलूनवाला माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. "तुमच्याच खिडकीतून बाई वाचतात की रोज! बंगल्यातल्या म्हाताऱ्याचा खून होतो, ती गोष्ट! काय रंगलीय, साहेब! माझा संशय पुतण्यावर. आजींचा स्वयंपाक्यावर. आणि गोष्टीत एक डॉक्टर आहे, त्याच्यावर निम्म्या गल्लीचा संशय. म्हणून आपला दातवाला चिडलाय, पेशंट त्याच्याकडे वाकडं बघतात ना. आज कळणार, खुनी कोण!"

माझ्या पायाखालची खुर्ची फिरली. खुर्ची फिरतीच होती, पण त्या दिवशी आपोआप फिरली. सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. उघडी खिडकी! बाईंचा आवाज! भारावलेली जनता! ती माझ्या ऑफिसकडे नव्हे, सासूबाईंच्या प्रेताकडे बघत होती! आणि त्या जनतेत थोड्या वेळाने खुद्द सासूबाई येऊन उभ्या राहणार होत्या, मीच आमंत्रण देऊन बोलावलेल्या!

"आणि... आणि कोणावर अजिबातच संशय नाही, असं कोणी आहे का त्यात?" मी का विचारलं, देव जाणे.

"आत्याबाई. बिचारी चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर स्वेटर विणते. तिला जिनासुद्धा चढता येत नाही. ती कसली खून करतेय!"

मी गळ्यातल्या टॉवेलसकट पळालो. गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. गर्दीच्या कडेला टॅक्सी थांबलेली. तिच्यातून सासूबाई उतरत होत्या, नवी साडी नेसून, हसऱ्या चेहऱ्याने. जावयाची जत्रा बघायला! मी फेसाचा गाल लपवत, लोकांच्या काखेखालून वाकत जिना गाठला आणि धापा टाकत वर पोचलो.

बाईंच्या हातात शेवटचं पान. आवाज टिपेला!

"इन्स्पेक्टरने सर्वांकडे पाहिले पूर्णविराम. अवतरण सुरू. खुनी याच खोलीत आहे उद्गारचिन्ह. अवतरण बंद."

"बाई, थांबा!"

"मध्ये बोलू नका, ओळ चुकते. नवा परिच्छेद."

"बाई, खाली आई आहेत!"

"मग ऐकू दे की. त्यांचंच तर आहे. खुनी दुसरे तिसरे कोणी नसून टिंब टिंब टिंब—"

मी पान ओढलं. बाईंनी सोडलं नाही. प्रूफं वाचून वाचून त्यांच्या बोटांत चिमट्यासारखी पकड आली आहे. कर्सर उभा राहून उघडझाप करायला लागला. खालून ओरडा सुरू झाला, "वाचा! वाचा! पुढे वाचा!"

मंडळी, संकटात माझं डोकं फार जोरात चालतं. मी विचार केला, बाईंना गप्प केलं तर गर्दी पेटणार आणि सासूबाईंना सगळं कळणार. पण गर्दीला एक खोटाच खुनी देऊन टाकला तर? लोक समाधानाने घरी जातील, खरा खुनी सुखरूप राहील, आणि सासूबाईंना मागाहून सांगता येईल की आई, बघा कसं सगळ्यांना फसवलं! झालं, एका हाताने बाईंचं तोंड दाबलं, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झालो आणि अर्ध्या तोंडाला फेस असलेल्या अवस्थेत गर्जना केली.

"आत्याबाई! खुनी आत्याबाई आहेत! चाकाच्या खुर्चीतल्या! संपली गोष्ट! जा आता घरी!"

गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. टाचणी नाही, सासूबाईंची पर्स पडली.

मागे अनुस्वारबाईंनी माझा हात तोंडावरून काढला. "साहेब, तुम्ही आधीच वाचलं होतंत होय? पुढचा शब्द तोच आहे!"

पण खरा घाव खालून आला.

"हात्तिच्या!" सलूनवाला म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं!"

"मलासुद्धा!" दातांचा डॉक्टर म्हणाला. "सारखी स्वेटर विणते म्हणजे काय? संशयास्पदच!"

"मी तर म्हटलंही होतं," गॅलरीतली आजी म्हणाली, "पण माझं ऐकतो कोण!"

गल्लीत एकही माणूस असा उरला नाही की ज्याला पहिल्या दिवसापासून वाटत नव्हतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध सासूबाई उभ्या, एकेकाचं ऐकत. नव्या साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि त्या सावकाश जिना चढून वर आल्या.

मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं! "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझी कादंबरी... वाचलीत? छापायच्या आधी? स्वतः?"

आणि इथे माझी पंचाईत झाली. 'हो, वाचली' म्हणावं, तर मी जाणूनबुजून खुनी फोडला. 'नाही' म्हणावं, तर आजवरचे सगळे काटे खोटे! पण त्या ओल्या डोळ्यांपुढे मला खोटं बोलवेना. लाज वाटली हो मला.

"नाही, आई," मी खाली मान घालून म्हणालो. "एक पानसुद्धा नाही. मी आपलं अंदाजाने ठोकून दिलं."

डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

"अंदाजाने?" त्यांचा आवाज चढायला लागला. "मी वर्षभर डोकं फोडून खुनी लपवला, आणि तुम्ही अंदाजाने काढलात? ज्या माणसाला कपाळावर चढवलेला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला माझा खुनी सापडला?"

"आई, म्हणजे कादंबरी इतकी छान—"

"बोलू नका! तुम्ही वाचून फोडला असतात ना, तर एक वेळ माफ केलं असतं!" त्यांनी बाईंच्या हातातलं पान घेतलं, टेबलावरचं बाकीचं हस्तलिखित उचललं आणि कर्सरकडे वळल्या. "तू, ती फाईल पूस."

जन्मात पहिल्यांदा कर्सरने डोळे न मिचकावता, एका झटक्यात सांगितलेलं काम केलं.

सासूबाई दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि खोलीवरून नजर फिरवली. बंद एसी, बंद दिवे, फुलदाणीखालचा प्रिंटर, उघडी खिडकी. "ऑफिस मात्र खरंच ओळखू येत नाही हो," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी अनुस्वारबाई खिडकीत बसून आमचा नवा कवितासंग्रह वाचायला लागल्या. गल्ली दोन ओळींत रिकामी झाली.

पुस्तक गेलं चौकातल्या प्रकाशकाकडे. आमच्याकडे वर्षाला जेवढा कागद लागायचा, त्यातला निम्मा एकट्या सासूबाईंच्या पुस्तकाला लागायचा. तो लागलाच नाही, म्हणून वापर निम्म्यावर आला! कामच नाही, म्हणून विजेचं बिलही नाही. प्रमाणपत्र द्यायला आलेले साहेब म्हणाले, "आजवर इतकं शांत ऑफिस बघितलं नाही." मी गूढ हसलो.

सासूबाईंनी कादंबरी पुन्हा लिहिली. आता ती दुकानात आली आहे आणि तुफान खपते आहे. गल्लीत किती खपली ते बघायला सलूनवाल्याकडे गेलो, तर अख्ख्या गल्लीत मिळून एकच प्रत! "तुम्हीच तर खिडकीतून सांगितलंत, साहेब, कागद वाचवा. आम्ही एक घेतली. बाई संध्याकाळी येऊन वाचून दाखवतात." वर मला विचारतो, दुसरा गाल करायचा का म्हणून.

मीही वाचली. होय, मी! बायकोच्या उशाखालून काढून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. नव्या कादंबरीत बंगल्यातला म्हातारा नाही. पहिल्याच पानावर एक प्रकाशक मरतो, खिडकीतून पडून, अर्ध्या तोंडाला फेस असलेल्या अवस्थेत. एकाच्याही डोळ्यांत टिपूस येत नाही. आणि शेवट असा आहे की खरोखर अंगावर काटा आला, आईशपथ! या वेळी खुनी ओळखणं माझ्या बापालाही जमलं नसतं. खुनी आहे तो—

थांबा हं. आधी ती खिडकी लावून येतो.